मी येईपर्यंत गाडी चालू करू नका

जीप विकायला काढली त्या रविवारी संध्याकाळपर्यंत सत्तावीस फोन आले. निम्म्याहून जास्त जणांचं पहिलं वाक्य एकच: "लास्ट किती?" नमस्कार नाही, नाव नाही, गाडी चालते की ढकलावी लागते याची चौकशी नाही. मी तीन लाख पंचाहत्तर हजार लिहिलं होतं. "या, बघा, मग बोलू" म्हटलं की समोरचा "ठीके, कळवतो" म्हणायचा आणि संपलं. उरलेल्यांपैकी बहुतेकांना टायर किती टक्के आहेत ते हवं होतं. एकाने विचारलं, छतावरची एलईडी पट्टी सोबत येणार का. ती पट्टी मी अठराशे रुपयांना घेतली होती आणि तिच्यापायी दोनदा दंड भरला होता.

इंजिनाबद्दल सत्तावीस जणांत दोघांनी विचारलं. त्यातल्या एकाला टर्बो टाकता येईल का एवढंच जाणून घ्यायचं होतं.

गाडी म्हणजे १९९४ची महिंद्रा एमएम ५४०, एमएच १५, म्हणजे नाशिकचं पासिंग. २०१२ साली सिन्नरकडच्या एका गोठ्यातून ८५ हजारांना आणली. गोठ्यातून म्हणजे खरोखरच गोठ्यातून, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती आणि मालक म्हणाले, पिल्लं निघेपर्यंत आठ दिवस थांबा. थांबलो. चासी सरळ होती, फोर बाय फोर लागत होतं, बाकी सगळा आनंद. इंजिन मूळचंच, महिंद्राने प्युजोकडून परवाना घेऊन बनवलेलं एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास), २११२ सीसी. गुळगुळीत चालणारं, जीपच्या मानाने जरा नाजूक स्वभावाचं इंजिन. माझ्यातलं तिसऱ्या सिलिंडरला जाम होऊन बसलं होतं आणि हेडला तडा होता.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या उस्तादांनी, म्हणजे मेकॅनिकने, ते उघडलं, बघितलं आणि परत झाकलं. म्हणाले, "हे बांधण्यात पैसे घालू नका. होईल, पण सामानासाठी गावभर हिंडाल. डीआय टाका."

डीआय म्हणजे महिंद्राचं एमडीआय, २५२३ सीसी. बोलेरो, कमांडर, मार्शल, कशाकशात ते बसलंय. माझ्यासाठी निघालं ते वणीच्या रस्त्याला उलटलेल्या एका बोलेरोतलं, ४२ हजारांना. घेताना मी एकच हट्ट धरला: पक्कं बिल आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत. विकणाऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी भंगारवाल्याकडे गॅरंटी कार्ड मागतोय. शेवटी दिलं. त्या दोन कागदांचं महत्त्व मला तेव्हा अर्धंच कळलं होतं.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापास करायच्या, हाच धंदा. त्यामुळे इंजिन उघडलं तेव्हा मी बोअर गेज आणि मायक्रोमीटर घेऊन गेलो. उस्तादांनी लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) वरच्या कडेशी अंगठ्याचं नख फिरवलं. पिस्टनची वरची रिंग जिथे थांबते, त्याच्यावरचा भाग झिजत नाही, खालचा झिजतो, आणि मध्ये एक पायरी तयार होते. "नख अडकतंय. लायनर बदला," एवढं बोलून ते चहाला गेले. मी अर्धा तास बसून चारही सिलिंडर तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजले, वहीत चोवीस आकडे लिहिले आणि त्याच निष्कर्षाला आलो. तेव्हापासून मी मोजायचो आणि ते नख फिरवायचे, आणि आमची भांडणं फार कमी झाली.

क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, पहिल्या अंडरसाइजला ग्राइंड केला, म्हणजे पाव मिलिमीटर उतरवला. नवे लायनर, पिस्टन, रिंगा. प्रत्येक रिंग आधी नुसती लायनरमध्ये सोडून, पिस्टनच्या डोक्याने सरळ करून, तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने तपासली. एक रिंग जरा जास्तच घट्ट निघाली, ती कानशीने घासताना माझा हात थरथरत होता. डिझेल फवारणारे नोझल मायकोचे नवे. सातपूरच्या कारखान्यात बनणारी वस्तू नाशिककराने जुनी वापरू नये, असं आपलं माझं मत. (कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं, पण नाशिकला चौकही मायको सर्कल आणि नोझलही मायकोचे.)

बसवताना खरी गंमत. प्युजोचे माउंटिंग डीआयला चालत नाहीत, ते कापून नवे वेल्ड केले. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी बेल हाउसिंग एका डीआय कमांडरची शोधून आणली. डीआय अंगाने जड, ओतीव लोखंडाचा गोळाच, त्यामुळे जीप पुढून नाक खाली करून उभी राहिली. पुढच्या स्प्रिंगच्या दोन्ही पाट्यांत एकेक पान वाढवलं तेव्हा मान वर झाली. आणि मग तो दिवस, ज्याबद्दल मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि आमची ही म्हणते, "सांगता कशाला?" इंजिन चालू झालं, पेढे वाटले, तिसऱ्या दिवशी क्लच घसरायला लागला. गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेट तेलात भिजलेली. क्रँकचं मागचं ऑइल सील उलटं बसलं होतं. ते सील मी बसवलं होतं. उस्ताद त्या दिवशी लग्नाला गेले होते आणि मला धीर धरवला नव्हता. क्वालिटी इन्स्पेक्टर! सगळं परत खाली. चार रविवार आणि नवी क्लच प्लेट.

त्यानंतर तेरा वर्षं गाडीने एकदाही दोरी लावून घेतली नाही. अंजनेरीला, हरिहरच्या पायथ्याला, भंडारदऱ्याला, पावसात कसाऱ्याचा घाट, सगळीकडे फिरली. डीआयचा जोर खालच्या आरपीएमलाच येतो, म्हणून तिसऱ्या गिअरला पाय न देता चढ चढते. उलट बाजू अशी की प्युजो साडेचार हजारांपर्यंत फिरायचं, हे बत्तीसशेच्या आसपासच थकतं. मागच्या ॲक्सलमधला क्राउन-पिनियन (चाकं फिरवणारी गिअरची जोडी) जुनाच ठेवल्यामुळे ताशी ७५च्या पुढे ती ओरडते आणि ८०ला आपणही ओरडून बोलतो. मुंबई-आग्रा रस्त्यावर मला उसाच्या ट्रॉलीनेही मागे टाकलंय.

मग विकायची कशासाठी? कंबर. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली. डॉक्टर म्हणाले, धक्के टाळा. ही म्हणाली, "मणक्याचं डॉक्टरांनी सांगितलं, जीपचं मी सांगते." शिवाय सिडकोतलं रो-हाउस सोडून आम्ही पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये आलो, तिथे पार्किंग एक. त्या एका जागेत जीप आणि हिची गाडी पावसाने भिजत रस्त्यावर, हे किती दिवस चालणार होतं.

बघायला माणसं आली. कॉलेज रोडची दोन पोरं आली, बॉनेटवर बसून फोटो काढले, एकाने चष्मा लावून हात बांधले, दुसऱ्याने व्हिडिओ घेतला, आणि "पप्पांना विचारून सांगतो" म्हणून गेली. कोल्हापूरहून एकाचा रोज फोन, आठ दिवस, मग बंद. एक जुन्या गाड्यांचे व्यापारी आले, आरसी उलटीपालटी केली आणि चेहरा पाडून म्हणाले, "कागदावर इंजिन बदललेलं आहे हो. अशी गाडी कोणी घेत नाही. एक साठ देतो."

इथे मी जरा तापलो. कारण त्या एका नोंदीसाठी २०१३ साली पेठ रोडच्या आरटीओत माझे पाच दिवस गेलेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की गाडीत बदल मनाने करायचा नाही. इंजिन परवानगीशिवाय बदललं असेल तर १४ दिवसांत कळवायचं. मी बिल, बोलेरोच्या आरसीची प्रत, अर्ज सगळं घेऊन गेलो. इन्स्पेक्टरसाहेबांनी इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर घासून घासून वाचला, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने त्याचा ठसा घेतला. एजंट सांगत होता, "कशाला नोंद करताय, कोण बघतंय?" अपघात झाला की विमा कंपनी बघते, चोरी झाली की पोलीस बघतात. नाशिकमध्येच अशा कितीतरी जिपा फिरतायत, ज्यांच्या आरसीवर प्युजो आहे आणि बॉनेटखाली भलतंच. त्या व्यापाऱ्याला त्या चालतात, कारण कागद "क्लीन" दिसतो.

आणि हेही सांगतो, आज कुणी माझं बघून असं काम काढणार असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा, मग गॅरेजला. ९ जानेवारी २०१९ला सुप्रीम कोर्टाने गाडी मूळ कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी करता येणार नाही असं स्पष्ट केल्यापासून हा विषय फार कडक झालाय. माझी नोंद त्याआधीची. तिच्या जोरावर २०१४, २०१९ आणि २०२४, तिन्ही वेळा गाडी पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा पास झाली. शेवटच्या वेळी नुसती नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. व्यापाऱ्याला मी चहा दिला आणि निरोप दिला.

डिसेंबरात एका रात्री साडेआठला फोन आला. "निफाडहून बोलतोय. जीप आहे अजून?"

"आहे."

"आज चालवली का?"

"दुपारी काढली होती."

"आता बंद आहे ना? मग मी येईपर्यंत चालू करू नका. सकाळी साडेसहाला येतो. वडील पण येतील."

किंमत विचारलीच नाही. मी फोन ठेवला आणि हिला म्हटलं, हा गाडी घेणार. गरम इंजिन सगळ्यांचंच चालू होतं. जुनी डिझेल गाडी विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास इंजिन फिरवून ठेवतो, धूर उडून जातो, कॉम्प्रेशन कमी असलं तरी झाकलं जातं. खरी परीक्षा पहाटेच्या थंडीत, पहिल्या सेल्फला. प्युजोला निदान हीटर प्लग होते. थांबा, तापवा, मग मारा. डीआयला तो आधारच नाही. डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, तिथे दाबाने हवा पुरेशी तापली तर पेटणार, नाहीतर नुसता पांढरा धूर आणि बॅटरीची शिक्षा. आणि थंडी कशी असते ते निफाडच्या द्राक्षवाल्याला कुणी सांगायला नको. बागेत पहाटे शेकोट्या पेटवून बसणारी माणसं ती.

त्या रात्री मी दोनदा खाली जाऊन आलो. चावी खिशात होती. चालू केली नाही.

साडेसहाला ते आले, अजून अंधारच होता. मुलगा पस्तिशीचा, वडील सत्तरीचे, डोक्याला मफलर, पायात चपला. वडिलांना मी अण्णा म्हणालो, त्यांनी मान डोलावली आणि सरळ बॉनेट उघडून सिलिंडर ब्लॉकवर उघडा तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गार आहे," ते मुलाला म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग डिपस्टिक काढली, तेलाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळला, वास घेतला. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते मोबाईलच्या उजेडात बघितलं. मुलाला म्हणाले, "मार."

पहिल्या सेल्फला इंजिन दोन वेळा फिरलं, तिसऱ्याला पकडलं. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा एक लोट आला, वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली. मी श्वास धरून उभा. दहा-पंधरा सेकंदांत धूर विरळ झाला आणि डीआयची ती ठोक्याठोक्याची खडखड सुरू झाली. तेव्हा अण्णांनी ऑइल भरायचं झाकण काढलं आणि उलटं करून नुसतं त्या तोंडावर ठेवलं. रिंगा गेलेल्या असतील तर खालून जो वारा वर येतो, तो ते झाकण नाचवतो, कधीकधी उडवून देतो. झाकण जरा कापलं. बसून राहिलं. अण्णा वाकून त्याच्याकडे बघत होते, जसं कुणी दुधाकडे बघतं.

"पोरा, हा आवाज कुठे ऐकलाय?"

मुलाला कळेना. मलाही नाही.

"आपला बी-२७५."

आता त्यांचा चेहरा उघडला. त्यांच्या घरी इंटरनॅशनलचा बी-२७५ ट्रॅक्टर होता, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. मी धावत वर जाऊन वही आणली, कारण हा विषय माझ्या आवडीचा आणि घरात कुणाला सांगता येत नाही असा. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा कारखाना काढला, त्यातलं हे इंजिन. डीआय हे त्याच घराण्यातलं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, तोच, चार इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर. बोअर वाढवून साडेतीन इंच केला, ८८.९. अण्णांना मिलिमीटरांशी देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, "म्हणून म्हटलं, जीप असून नांगराला जुंपल्यासारखी वाजतेय."

पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारली. मी आधीच सगळं सांगून टाकलं: सकाळी दुसरा गिअर कुरकुरतो, मागच्या दारातून पाणी येतं, डिझेलचा काटा खोटं बोलतो, ७५च्या पुढे जाऊ नका. आणि ऑइल सीलचं.

"सील उलटं कुणी लावलेलं?" अण्णांनी विचारलं.

"मीच."

ते एवढे हसले की मफलर सुटला. मुलाने दोन नव्वद म्हटलं, मी तीन चाळीस. थोडं ताणलं. मग अण्णा म्हणाले, "तीन दहा. आणि ती वही द्यायची. आणि वरची ती पट्टी तुमची तुम्ही काढून घ्या, आम्हाला काही वरात काढायची नाही."

वहीबद्दल मला जरा जड गेलं. तेरा वर्षांचे आकडे, प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक नटबोल्टचा खर्च. बेरीज ४,८६,४०० होती. ती बेरीज हिने त्या सकाळी पहिल्यांदा वाचली, कारण वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडली होती. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

पैसे बँकेतून घेतले. निफाड आपल्याच एमएच १५ मध्ये, त्यामुळे एनओसीची भानगड नाही. फॉर्म २९ आणि ३०, दोघांचे आधार, ओटीपी, झालं. गाडी ताब्यात देताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, कारण आरसीवर नाव बदलेपर्यंत ई-चलन मलाच येणार. विमा त्यांच्या नावावर करायला १४ दिवस असतात, तेही मुलाला दोनदा बजावलं. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, आधीच लावलेली होती.

ती गेली तेव्हा मी गेटपर्यंत गेलो. वॉचमनकाका म्हणाले, "आता इथे तेलाचा डाग नाही पडणार." मी म्हटलं, "काका, त्या गाडीचं तेल कधीच गळलं नाही, तो डाग शेजारच्या नव्या गाडीचा आहे." त्यांचा विश्वास बसला नाही.

काल मुलाने फोटो पाठवला. जीप द्राक्षबागेच्या बांधावर, मागे क्रेट रचलेले. दुसरा फोटो वहीच्या पानाचा. माझ्या शेवटच्या ओळीखाली निळ्या बॉलपेनने, मोठ्या थरथरत्या अक्षरात नवी ओळ: ऑइल बदली, फिल्टर बदली. अण्णांचंच अक्षर असणार. फक्त किलोमीटरच्या रकान्यात त्यांनी तारीख लिहिलीय आणि तारखेच्या रकान्यात किंमत. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. रविवारी बघू.